पाळकाचे पान

तालुक्याच्या कचेरीत तेहतीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो, आणि त्याच काळातील अठ्ठावीस वर्षे आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे चिटणीसपदही सांभाळले. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्याचा मिळत नसे. तथापि मान नावाची वस्तू माणसांच्या मनात कशी उत्पन्न होते, कशी झिजते आणि झिजल्यावर कशी भरून निघते, याविषयी जे थोडेसे मला उमगले ते या बिनपगारी कामानेच. कचेरीत मान असे तो खुर्चीला. मामलेदारसाहेब आत आले की आम्ही ताडकन उभे राहत असू, आणि त्यांच्या बदलीचा हुकूम आला की निरोपाचा हार कोणी आणायचा यावरून दोन दिवस एकमेकांची तोंडे पाहत असू. मंडळीत मात्र जो मान होता त्याची मुळे चुलीपर्यंत गेलेली असत, आणि म्हणूनच तो सांभाळणे कचेरीतल्या शिष्टाचाराहून फार अवघड होते.

मंडळीच्या दप्तराची लोखंडी पेटी माझ्या घरी असे. तीत बाप्तिस्म्यांची वही, लग्नांची वही, दफनांची वही, पंच कमिटीच्या कामकाजाचे बुक, पावतीपुस्तके, आणि हिशेबाची कीर्द-खतावणी. खतावणीचे पहिले पान पाळकाच्या नावाचे, ही वहिवाट माझ्यापूर्वीच्या चिटणिसांनी घालून दिलेली होती. त्यानंतर घंटेचा दोर, रॉकेल, सतरंज्या, वारीस नसलेल्यांचे दफन अशी खाती येत. एखाद्या घरी पंगत बसली म्हणजे वडीलधाऱ्याचे पान आधी मांडावे, तसाच तो प्रकार. आमच्या घरी पाळक जेवायला आले की आजी त्यांचे पान खरोखरीच आधी मांडी, आणि आम्हा मुलांना सांगे, "जेवताना पाळकाची निंदा करायची नाही. काही विचारायचं असलं तर त्यांच्या तोंडावर विचारा, पण आधी गुडघे टेकून उठा." आजीला अक्षरओळख नव्हती; पण तिच्या या दोन वाक्यांचा अर्थ मला पुरता समजायला माझे अर्धे चिटणीसपद खर्ची पडले.

हा मान आमच्या भागात कुठून आला, हे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे घातले १८३१ साली. गॉर्डन हॉल मुंबईत उतरला तो त्याही अगोदर, १८१३ मध्ये. खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे, शतकानुशतके दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची सवय लागलेले. त्यांच्या दृष्टीने मिशनरी हा 'साहेब' होता. तो शाळा काढी, दुष्काळात काम देई, आजारात औषध देई, आणि पोलीसपाटलाने अडवले तर चिठ्ठीही देई. तेव्हा उपकार आणि उपदेश एकाच हातातून येत, व त्या हाताला 'मायबाप' म्हणण्यात कोणाला संकोच वाटत नसे. पुढे देशी पाळक झाले. नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे पाळक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच झाले. तथापि खेड्यातल्या पाळकाच्या वाट्याला येणारा मान हा पुष्कळ काळ साहेबाच्या मानाची सावलीच राहिला. 'पाळकसाहेब' या शब्दातील उत्तरार्ध तेथूनच येऊन चिकटला आहे.

वास्तविक या मिशनच्या अमेरिकेतील मुख्य संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले ते हेच बजावत की, देशी मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा. तत्त्व उत्तम होते. पण ज्यांच्या घरात संध्याकाळच्या पिठाची भ्रांत त्यांनी पाळकाचा पगार कोठून द्यावा? म्हणून पगार साहेबाच्या बंगल्यावरून येत राहिला, आणि ज्याला आपण पोसत नाही त्याच्यापुढे मान लवविणे आणि ज्याला आपण पोसतो त्याला मान देणे यांत जो भेद आहे, तो आमच्या लोकांना कळण्याचा प्रसंगच आला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तो कळला होता. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी आणि तिच्याबरोबरचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' उभारण्याचे मनात आणले, आणि दोनच वर्षांनी ते निवर्तले. माझ्या आजोबांनी टिळकांचे कीर्तन ऐकले होते. टिळकांनी पगार सोडला ही वार्ता गावी आली तेव्हा जुनी माणसे, आता बामणाला जेवू कोण घालणार, म्हणून चिंतेत पडली होती, असे ते हसून सांगत. त्या चिंतेचे उत्तर 'आपण' असे असू शकते, हे त्या दिवशी कोणाच्याच मनात आले नाही.

ते उत्तर देण्याची पाळी आमच्या पिढीवर आली. स्वातंत्र्यानंतर मिशनरी एकामागून एक परत गेले, मदतीची रक्कम दरसाल आटत गेली, आणि मी चिटणीस झालो त्या १९६२ साली पाळकाच्या पगाराचा मोठा हिस्सा मंडळीनेच उभा करावयाचा होता. आमची मंडळी म्हणजे पाच गावांतील मिळून साठ-सत्तर घरे. कोणी शाळामास्तर, कोणी साखर कारखान्यात, बाकीचे मोलमजुरी करणारे. पाळक सायकलवरून पाचही गावे फिरत. महिन्याची वर्गणी घराघरांतून येई, शब्बाथ दिवसाच्या उपासनेत थैली फिरे, आणि याखेरीज बायकांचा मुष्टिफंड असे. भाकरीचे पीठ घेताना त्यातले मूठभर आधी वेगळ्या डब्यात टाकावयाचे, आणि महिन्याअखेर ते डबे पाळकबाईंकडे रिते करावयाचे. या पिठात बाजरी, ज्वारी, क्वचित गहू असे सर्व काही मिसळलेले असे. पाळकाच्या घरची भाकरी कोणत्याही एका धान्याची म्हणून ओळखता येत नसे.

सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या दिवशी जो तो आपल्या पिकातला वाटा घेऊन येई. कणसे, भुईमुगाच्या शेंगा, तांबडे भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या यांनी वेदीपुढची जागा भरून जाई, आणि उपासना संपली की बाहेर निंबाखाली त्यांचा लिलाव होई. एका साली एका म्हाताऱ्या सुइणीने पदराखालून एकच अंडे आणले. पंचांपैकी जो लिलाव पुकारीत होता त्याने ते उंच धरून चार आण्यांची बोली मागितली. ज्याने घेतले त्याने पैसे टाकून "पुन्हा मंडळीला" म्हणून परत दिले. दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत दिले. असे ते अंडे अकरा वेळा विकले गेले. रात्री कंदिलाशी हिशेब लिहिताना माझी पंचाईत झाली, कारण अकरा वेळा विकलेला एक नग कोणत्या रीतीने दाखवावा याचा नियम सरकारी दप्तरात कोठेच नव्हता. शेवटी मी लिहिले, 'अंडे, नग १, रुपये सव्वासात.' तालुक्याच्या तपासनिसाने ही नोंद पाहिली असती तर माझा खुलासा मागितला असता. त्या अंड्याचे पुढे काय झाले, हे दप्तरात नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक. १९६६ च्या पावसाळ्यात मंदिराचे छप्पर जागोजाग गळू लागले, आणि उपासनेच्या वेळी लोक कोरडी जागा शोधीत इकडून तिकडे सरकू लागले. पेटीत शिल्लक होती ती पाळकाच्या पगारापुरतीच. मी खजिनदाराशी बोलून मंगलोरी कौले आणविली, छप्पर घालून घेतले, आणि पाळकाच्या पानावर थकबाकी म्हणून सुरेख अक्षरात आकडा लिहिला. पुढच्या महिन्यात वर्गणी कमी पडली, थकबाकी वाढली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा वाढली. पाळक काही बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत याचा अर्थ त्यांचे भागते आहे असा मी सोयीस्करपणे केला. माझी वही बिनचूक होती, आणि तिच्यावरून माझ्या मनाला कसलीही टोचणी लागत नव्हती.

एके दिवशी कचेरीतून परतताना वाण्याच्या दुकानी थांबलो. त्याने गिऱ्हाईक जाऊ दिले, लाल कापडात बांधलेली आपली खातेवही काढली आणि माझ्यापुढे फिरवून ठेवली.

"भाऊसाहेब, तुमच्या पाळकसाहेबांचं खातं जरा बघा."

मी पाहिले. ज्वारी, गोडेतेल, चहापूड, साखर, रॉकेल, पुन्हा ज्वारी. आणि समासात उभ्या अक्षरांत लिहिलेले, 'मंडळीकडून आल्यावर.' मी खिशात हात घालू लागलो तसा तो म्हणाला, "वसुलीसाठी नाही दाखवलं. इथं खालची ओळ बघा. आठ दिवस झाले, त्यांनी साखर बंद केली. तुमच्या माणसाला तुम्ही विचारा, म्हणून सांगितलं."

चारच दिवसांपूर्वी मी पाळकांच्या घरी सभेची तारीख ठरविण्यासाठी गेलो होतो आणि पाळकबाईंनी चहा दिला होता. माझ्या कपात साखर होती. त्यांच्या कपात होती की नाही, हे मी पाहिले नव्हते. ज्या परधर्मी वाण्याला आमच्या पाळकाशी उधारीपलीकडे काही कर्तव्य नव्हते त्याच्या चोपडीत जे स्वच्छ लिहिलेले होते, ते माझ्या पहिल्या पानावर नव्हते.

त्या शब्बाथ दिवशी उपासनेनंतर पंच कमिटीपुढे मी सर्व हकीकत मांडली. कमिटीचे अध्यक्ष पाळकच असत. परंतु विषय आपल्या स्वतःचा आहे असे पाहून ते खुर्ची सोडून मागे भिंतीशी सतरंजीवर जाऊन बसले. कोणी मला दोष दिला, कोणी छपराची बाजू घेतली, आणि शेवटी एका मास्तरांनी पाळकांनाच बोलण्याची विनंती केली. ते जागेवरूनच म्हणाले, "कौलं घातली ते बरोबरच केलंत. मला विचारलं असतंत तर मीच घाला म्हटलं असतं. विचारलं नाहीत, एवढंच."

आपल्या भाषेत 'विचारणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, प्रश्न करणे. आणि दुसरा, 'त्याला कोण विचारतो?' असे आपण म्हणतो त्यातला, म्हणजे किंमत देणे, खिजगणतीत धरणे. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, याचा मी त्या दिवसापर्यंत कधी विचार केला नव्हता. मंदिराच्या दारात आम्ही पाळकांना लवून सलाम करीत होतो, त्यांना वेताची खुर्ची देत होतो, त्यांच्यापुढे विडी विझवीत होतो. आणि ज्या गोष्टीत त्यांच्या मुलांची साखर गुंतली होती तीत त्यांना विचारले नव्हते. सलामाची जी पद्धत आम्ही साहेबाच्या काळात शिकलो तीत विचारण्याला जागाच नव्हती; साहेबाला मागावयाचे असते, विचारावयाचे नसते. त्या सभेने ठराव केला की, पाळकाच्या पानावरील रक्कम दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे वळवावयाची झाल्यास ती पाळकास विचारून आणि कमिटीच्या मंजुरीने वळवावी. थकबाकी फिटायला नाताळ उजाडला.

१९७२ च्या दुष्काळात या ठरावाची कसोटी लागली. विहिरी कोरड्या पडल्या, निम्मी मंडळी सरकारी कामावर खडी फोडायला गेली, आणि वर्गणीचे रकाने महिनोन् महिने रिकामे राहिले. या वेळी मी पाळकांच्या घरी जाऊन, काय करावे म्हणून विचारले. त्यांनी आपला पगार निम्मा घेण्याचे कबूल केले, आणि सायंकाळची उपासना मंदिराऐवजी खडीच्या ढिगाशी, काम सुटल्यावर, घेण्यास आरंभ केला. मुष्टिफंड मात्र बंद पडला नाही. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी कोणालाही गोड लागत नसे. पण पाळकबाईंच्या डब्यात ते तांबडे पीठ मुठीमुठीने पडत राहिले, आणि मंडळी जे खाते तेच तिचा पाळक खातो, ही गोष्ट कोणी उपदेशात सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

दरम्यान एक मोठे स्थित्यंतर घडले होते. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि आम्हीही त्यात गेलो. आमची परंपरा अशी की, प्रत्येक मंडळी आपल्या घरची मालकीण. पाळक नेमावा तिने, कारभार पाहावा तिने. आता वर बिशप आले, आणि पाळकांच्या नेमणुका व बदल्या तेथून होऊ लागल्या. जुन्या लोकांना हे जड गेले. तथापि न निवडलेल्या पाळकाला आपला म्हणणे हीही एक साधना आहे, हे हळूहळू अंगवळणी पडले. सुनेलाही आपण निवडूनच आणतो असे नाही, पण घर तिचे होतेच, असे माझी आई म्हणे.

त्यानंतर आलेल्या पाळकांपैकी एक चांगले शिकलेले आणि वक्तृत्व असलेले होते. त्यांची उपासना ऐकायला शेजारच्या गावचे लोक येत. पण सुगीच्या लिलावाची रक्कम त्यांनी आपल्याजवळ ठेवली आणि दोन महिने झाले तरी हिशेब दिला नाही. मी चिटणीस, विचारणे माझे कर्तव्य होते. परंतु संकोचाने मी गप्प राहिलो, आणि या संकोचाला मी मनातल्या मनात 'आदर' असे नाव दिले. इकडे वस्तीत कुजबूज सुरू झाली. दोन घरांनी उपासनेला येणे सोडले. शेवटी सभेत एक वृद्ध पंच उभे राहिले. सडकेच्या कामावर जन्मभर मुकादमी केलेला हा मनुष्य. त्यांनी डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले.

"पाळकसाहेब, तुमच्या हातून आम्ही प्रभुभोजन घेतो. त्या हाताबद्दल वस्तीत बोललं जातंय, ते मला ऐकवत नाही. म्हणून मी सगळ्यांच्या देखत विचारतो. सुगीच्या पैशाचं काय झालं?"

सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. पाळकांचा चेहरा उतरला. ते उत्तर न देता प्रार्थना करून निघून गेले, आणि आता राजीनामा येणार असे आम्हाला वाटले. पण पुढच्या सभेला त्यांनी एक कागद आणला. एका क्षयरोग्याची औषधे, एका मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी, एका घराचे दोन महिन्यांचे धान्य, असा खर्च त्यावर होता. त्या लोकांनी आमचे नाव कोठे लिहू नका म्हणून विनविले होते, आणि पाळकांनी तो शब्द पाळला होता. ठेव मंडळीची, विश्वास दुःखिताचा. दोहोंच्या मध्ये ते एकटेच उभे होते, आणि ते असे एकटे पडले याला कारण माझे न विचारणे. कमिटीने मग 'पाळकाचे गुप्तदान' म्हणून स्वतंत्र खाते उघडले, आणि त्यातील खर्च पाळकांनी त्या मुकादमांना एकट्यांना दाखवावा असे ठरले. पुढे मुकादम वारले तेव्हा याच पाळकांनी रात्रभर त्यांच्या उशाशी बसून जागरण केले, आणि दफनाच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'मंडळीचे वडील' हे शब्द माझ्याकडून लिहवून घेतले.

पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिताना, जे तुमच्यामध्ये श्रम करतात त्यांना प्रीतीने मान द्या, अशा अर्थाची विनंती केली आहे. आणि पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात वडिलांना, कळपावर धनीपण करू नका, अशा अर्थाने बजावले आहे. आमच्या मंडळीत पहिला उतारा वारंवार वाचला जाई, दुसरा क्वचित. परंतु अठ्ठावीस वर्षांची कीर्द चाळताना मला दिसते ते असे की, ज्या ज्या काळात आम्ही पहिलाच तेवढा वाचला, त्या त्या काळात पाळक उपाशी तरी राहिला किंवा एकाकी तरी पडला.

१९९० साली मी पेटी नव्या चिटणिसाच्या स्वाधीन केली. ही मुलगी तेव्हा बँकेत नोकरीस होती. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद माझ्याच हातची. तिने वह्या घरी नेल्या, आठ दिवसांनी परत आली, ओसरीवर बसून पाणी प्याली, आणि पदर सावरून म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर एक विचारू? ८७ सालच्या सुगीच्या हिशेबात सव्वा रुपया कमी येतो."

मी चष्मा लावून पाहिले. बेरजेत हातचा एक राहिला होता आणि पैशांच्या रकान्यातही घसरगुंडी झाली होती. मी आत जाऊन सव्वा रुपया आणला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो मोजून घेतला, पिशवीतून नवे पावतीपुस्तक काढले, खाली कार्बन सरळ केला, आणि माझे नाव, तारीख व रक्कम अक्षरी लिहून पहिली पावती माझ्या नावाने फाडली.